आत्याचा रजिस्टर नंबर



बडोद्याचे वाडे, गणेशोत्सव, नाटकं, तालमी, सयाजीराव महाराज यांच्यावर इथे खूप छान लिहिलं जातं आणि मी ते आवडीने वाचते. आपल्या घरांतल्या शिक्षिकांवरही कुणी ना कुणी लिहितं. पण आपल्यातल्या ज्या बायका नर्स झाल्या, त्यांच्याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही. म्हणून माझ्या आत्याबद्दल लिहायला बसले. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही लिहिणार आहे. पोस्ट लांब झालीय, सवडीने वाचा. नावं मुद्दाम घातलेली नाहीत, कारण त्या चौघींच्या घरचे लोक कुठे ना कुठे आहेत आणि त्यांना न विचारता लिहिणं बरं नव्हे.

निमित्त झालं माझ्या नातीचं. ती बी.एस्सी. नर्सिंग झाली आणि दोन वर्षं इथेच आयसीयूत काम करते आहे. आता अमेरिकेतल्या परवान्याची परीक्षा द्यायची आहे. एनक्लेक्स म्हणतात तिला. कॉम्प्युटरवरची परीक्षा, कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. एकेक उत्तर बघून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न ठरवतो. मार्क सांगत नाहीत, पास की नापास एवढंच. रात्री साडेनऊला चार मुली फोनवर एकत्र येतात आणि अभ्यास करतात. दोघी बडोद्याच्या, एक आणंदची, एक मूळची केरळची पण जन्मापासून अंकलेश्वरला वाढलेली. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं एकाच वाक्यात.

एक दिवस नात म्हणाली, "आजी, तू वाच ना प्रश्न. आमच्यातलं कुणी वाचलं की तिला उत्तर आधी दिसतं."

मी चष्मा लावून वाचायला लागले. इंजेक्शनच्या डोसचा प्रश्न होता, किती मिलिलिटर भरायचं याचा. एकीने उत्तर सांगितलं, तशी आणंदची मुलगी ओरडली, "अरे, दशांश क्यां मूक्युं तें?"

मी पुढचा प्रश्न वाचायचं विसरले. हेच वाक्य मी दहा वर्षांची असताना आमच्या ओसरीवर ऐकलं होतं. आणि बोलणारीही आणंदकडचीच होती.

आमचा वाडा दांडियाबजारात. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, हुजूर कचेरीत कारकून होते. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आप्पांची नोकरी सरकारात वर्ग झाली. घरात आजी-आप्पा, आई-दादा, मी, आणि माहेरी परत आलेली आत्या. आत्याला बावीसाव्या वर्षी वैधव्य आलं, १९५५ मध्ये. सासरच्यांनी वर्षभरात ट्रंक भरून तिला आणून सोडलं. मॅट्रिक झालेली मुलगी, पण दिवसभर वाती वळायच्या, डाळ-तांदूळ निवडायचे आणि कुणी आलं की आत जाऊन बसायचं.

१९५६ मध्ये माझ्या भावाच्या वेळी आईला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. सोबतीला आत्या गेली. दहा दिवस तिने तिथल्या नर्सबायकांचं काम पाहिलं. घरी आल्यावर जेवायला वाढता वाढता आप्पांना म्हणाली, "मला हे काम येईल."

आप्पा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आजीचं म्हणणं साधं होतं. रात्रीची ड्यूटी, परक्या पुरुषांना हात लावायचा, मलमूत्र काढायचं, आणि सगळ्या जातींच्या बायकांबरोबर राहायचं. आपल्या घरांत तेव्हा नर्सिंग म्हणजे ख्रिश्चनांचं काम असंच धरलं जाई. मुलगी शिक्षिका झाली तर चारचौघांत सांगता येई, नर्स झाली तर नाही.

खरं पाहिलं तर आपल्याकडे ही वाट काही नवी नव्हती. नर्सिंगच्या पुस्तकांत प्रशिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून नाव येतं ते काशीबाई गणपत यांचं, साल १८९१. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकणाऱ्या बायकांची राहण्याची सोय केली. त्यांत विधवा पुष्कळ. आणि गुजरातपुरतं बोलायचं तर डॉक्टर रखमाबाई १८९५ पासून सुरतेला आणि नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यात काम करत होत्या. पण पुस्तकातली बाई वेगळी आणि आपल्या घरातली वेगळी. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला, त्यात देशात सुमारे ४३,००० माणसांमागे एक नर्स असा हिशोब दिला होता. देशाला नर्सेस हव्या होत्या, पण शेजाऱ्यांच्या घरातल्या.

शेवटी आप्पांनी होकार दिला. तो मोठ्या मनाने दिला असं मी म्हणणार नाही. शिकताना थोडे पैसे मिळत होते, राहणं-जेवण नर्सेस क्वार्टर्समध्ये होतं आणि घरात एक तोंड कमी होणार होतं. आजीने एक अट घातली. सुट्टीच्या दिवशी घरी आलीस की मागच्या दाराने यायचं, न्हाणीत अंघोळ करायची, लुगडं बदलायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत्याने ती अट पुढे कितीतरी वर्षं पाळली. एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

आता परीक्षेबद्दल सांगते, कारण आजच्या मुलींना वाटतं परवान्याची परीक्षा ही परदेशातली भानगड आहे. आपल्याकडे शेवटच्या वर्षाची परीक्षा हीच परवान्याची परीक्षा. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये नर्स आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, शिक्षण देशभर एका मापाचं असावं म्हणून. मुंबईच्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव चढलं आणि नंबर मिळाला की तुम्ही नोंदलेली नर्स. नाही चढलं तर तीन वर्षं बेडपॅन उचलूनही तुम्ही कुणी नाही. लेखी पेपर असायचे आणि नंतर प्रात्यक्षिक नि तोंडी. बाहेरून परीक्षक येत, खऱ्या पेशंटजवळ उभं करून प्रश्न विचारत.

आत्याच्या तुकडीतल्या चौघींचं जमलं होतं. आत्या सगळ्यांत मोठी. दुसरी केरळची, कोट्टायमकडची. घरी पाठच्या बहिणी होत्या आणि ती दर महिन्याला मनिऑर्डर करायची. तिसरी सिंधी, फाळणीनंतर आईवडिलांबरोबर आलेली, वारसियाला राहणारी, वडिलांचं कापडाचं छोटं दुकान. चौथी आणंदजवळच्या खेड्यातली, गुजराती ख्रिश्चन. तिची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती.

शिकवणं, पुस्तकं, पेपर सगळं इंग्रजीतून. आत्याची मराठी शाळा, त्यामुळे इंग्रजी वाचता यायचं पण लिहिताना हात अडायचा. आणंदच्या मुलीची तर त्याहून पंचाईत. पण हाताने काम करायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. पेशंट अंथरुणात असताना खालची चादर बदलायची, घाव धुवायचा, पाठीला स्पिरिट लावून पावडर मारायची, हे ती आईकडून लहानपणीच शिकली होती. केरळची इंग्रजी चांगलं लिहायची, पण ड्यूटीवरून आली की पुस्तक मांडीवर ठेवून बसल्या बसल्या झोपायची. सिंधी मुलगी हिशोबात पक्की आणि तोंडाने फटकळ.

क्वार्टर्समध्ये चौघींना एकत्र बसायला जागा नव्हती. दिवसा रात्रपाळीच्या मुली झोपलेल्या, त्यामुळे बोलायची बंदी. रात्री दहाला दिवे बंद. म्हणून १९५९ च्या दिवाळीनंतर आत्या त्यांना सुट्टीच्या दिवशी आमच्या ओसरीवर आणायला लागली. संध्याकाळी पाचला यायच्या आणि पास काढलेला असला तर रात्री नऊपर्यंत बसायच्या. ओसरीवर विजेचा दिवा होता. आजीने परवानगी दिली ती ओसरीपुरतीच. चहा मिळायचा, पण तो वेगळ्या कपांतून. चार पांढरे कप, मागच्या कोनाड्यात उपडे घालून ठेवलेले. त्यातून आत्याही प्यायची, म्हणून त्या मुलींना आधी काही कळलं नसावं. की कळलं होतं, कोण जाणे.

माझं काम प्रश्न विचारायचं. आत्याने वही करून दिली होती, डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, इंग्रजी शब्दसुद्धा देवनागरीत, मला वाचता यावेत म्हणून. मी पायरीवर बसून मोठ्यांदा वाचायची. शरीरात हाडं किती? २०६. नाडी किती? ७२. ताप नसताना तापमान? ९८.४. श्वास मिनिटाला? सोळा ते वीस. चुकलं की मी वहीवर टिचकी मारायची. टायफॉइडच्या पेशंटचं ताट-वाटी काय करायचं, धनुर्वाताच्या पेशंटला अंधाऱ्या शांत खोलीत का ठेवायचं, काचेची पिचकारी किती वेळ उकळायची, हे मला तेव्हापासून पाठ आहे. मनगटात आठ हाडं असतात, ती त्या बोटं मोजत एका सुरात म्हणायच्या. समोरच्या वाड्यातल्या काकू म्हणायच्या, "तुमच्याकडे कसली हो आरती चालते?"

खरी डोकेदुखी होती ती औषधांच्या मापांची. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले होते. शाळेत आम्ही एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, असं घोकत होतो. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम यायला लागले. दवाखान्यात तेच चालू होतं. जुन्या पुस्तकांत औषधं ग्रेन, ड्रॅम आणि मिनिममध्ये, नव्या बाटल्यांवर मिलिग्रॅम आणि सी.सी. डॉक्टर एक लिहायचे, बाटलीवर दुसरं. मॉर्फिन पाव ग्रेन म्हणजे १५ मिलिग्रॅम, एक षष्ठांश ग्रेन म्हणजे १०. अॅट्रोपिन एक शतांश ग्रेन म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. इथे टिंब एक घर सरकलं की दसपट औषध जातं. परीक्षेत मार्क जातात, वॉर्डात माणूस.

सिंधी मुलगी ओसरीच्या काळ्या दारावर खडूने हे हिशोब मांडायची. आणंदची मुलगी सगळ्यांत जास्त चुकायची आणि सगळ्यांत जास्त तीच ओरडायची, दुसऱ्या कुणाचं चुकलं की. "दशांश क्यां मूक्युं?" मी माझी शाळेची पाटी घेऊन तिच्याजवळ बसायची. मी आण्यांचे नवे पैसे करायची, ती ग्रेनचे मिलिग्रॅम. दोघींचं चुकायचं. ती मला "बेबी" म्हणायची आणि पदराच्या गाठीतून चणे काढून द्यायची.

आणि आता माझी चूक.

फेब्रुवारी १९६०. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. संध्याकाळ होती, आजी देवळात गेली होती. आणंदच्या मुलीला ठसका लागला. आत्याने वहीतून मान वर न काढता म्हटलं, "आत माठ आहे, घे जा." ती आत गेली, माठातून तांब्या बुडवून पाणी घेतलं, प्यायली, तांब्या जागेवर ठेवला. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजीला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मला त्या मुलीचा राग नव्हता, ती मला आवडायची. मला फक्त घरातला नियम ठाऊक होता आणि तो मोडलेला मला दिसला होता, एवढंच मिरवायचं होतं. आजी ओरडली नाही. तिने माठ उचलून मागच्या अंगणात नेऊन रिकामा केला आणि तो परत आत आणलाच नाही. पुढच्या सुट्टीला आत्या मागच्या दाराने आली, अंघोळ केली, आणि आजीने तिला सांगितलं, "त्या मुलींना आता इथे आणू नकोस."

आत्याने का म्हणून विचारलं नाही. अंगणात तो माठ उपडा पडलेला होता. तिने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वही पिशवीत घातली.

मला वाटलं होतं माझं प्रश्न विचारणं आता संपलं. पण पुढच्या सुट्टीला ती मला म्हणाली, "चल, चप्पल घाल." आम्ही चालत कामाठीबागेत गेलो. बँडस्टँडच्या जवळ एका झाडाखाली तिघी बसल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. आणंदच्या मुलीने सरकून मला जागा दिली. मी वही उघडली.

बागेत अभ्यास व्हायचा तो सूर्य मावळेपर्यंत. नंतर काही दिसायचं नाही. खडूला दार नव्हतं. हिशोब मातीत काडीने करायचे, आणि येणारी-जाणारी मुलं त्यावरून पळत जायची. ओसरीवर रात्री नऊपर्यंत मिळणारे ते दोन-तीन तास गेले. हे तेव्हा मला कळलं नाही, पण आज मी ते मोजू शकते.

परीक्षा मार्चमध्ये झाली. निकाल आला तेव्हा तिघी पास होत्या आणि आणंदची मुलगी एका पेपरात नापास होती. कुठला पेपर, ते तुम्ही ओळखलं असेल. औषधांचा.

त्याच सुमाराला राज्याची वाटणी झाली. आपल्या बडोद्याचं १ मे या तारखेशी काहीतरी नातंच आहे. १ मे १९४९ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला त्यातून निघून गुजरातेत आलो. दोन्ही वेळा घर तेच, वाडा तोच. पुण्याहून आप्पांच्या चुलतभावांचं पत्र आलं, आता आपलं राज्य वेगळं झालं, मुलीला तरी इकडे पाठवा, इथे नर्सिंगला मान आहे, तिची नोंदणीही मुंबईचीच आहे. आप्पांनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या मनात पाठवायचं होतं असं मला वाटतं. लोकांच्या नजरेआड गेली असती.

आत्या म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत तरी मला कुठे जायचं नाही."

ऑक्टोबरमध्ये राहिलेल्या पेपरची परीक्षा होती. पास झालेल्या तिघींची तिथेच नोकरी लागली होती, ड्यूट्या वेगवेगळ्या. तरी सुट्ट्या आपसात बदलून घेऊन त्या परत बागेत जमायला लागल्या. पास झालेली माणसं कुठे परत त्याच पुस्तकाला हात लावतात? पण त्या सगळं पहिल्यापासून करायच्या, जणू चौघींना पेपर द्यायचा आहे. फटकळ सिंधी मुलगी त्या सहा महिन्यांत एकदाही तिच्यावर चिडलेली मला आठवत नाही. पावसाळ्यात बँडस्टँडच्या छपराखाली बसायच्या. मी वही घेऊन असायचीच. एव्हाना मला ग्रेनचे मिलिग्रॅम त्यांच्याइतकेच झटपट यायचे.

ऑक्टोबरात ती पास झाली.

आत्या त्या दिवशी पेढे घेऊन घरी आली. मागच्या दाराने, अंघोळ करून. कोण पास झालं म्हणून आजीने विचारलं. आत्याने सांगितलं. आजीने पेढा घेतला आणि खाल्ला. पेढा दुकानातला होता, त्याला कुणाचा हात लागला नव्हता, तेव्हा त्याला काही अर्थ आहे की नाही हे मला आजही सांगता येत नाही. आजीला मी वाईट ठरवत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, म्हणून ती शाळेत गेली होती. रोज पोथी वाचायची, वर्तमानपत्र वाचायची. वाचायला शिकणं आणि माठाचं पाणी यांचा संबंध तिच्या मनात कुणी जोडून दिला नव्हता. नंतर उन्हाळ्यात नवा माठ आला तो मात्र ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला गेला, आणि त्याच्यावर सगळ्यांसाठी एकच भांडं होतं. कुणी ठेवायला सांगितलं ते मला माहीत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. केरळची मुलगी काही वर्षांनी पश्चिम जर्मनीला गेली. त्या काळात केरळच्या बऱ्याच नर्सेस तिकडे गेल्या. बहिणींची लग्नं तिच्याच पैशांवर झाली. सिंधी मुलीचं लग्न उल्हासनगरला झालं आणि तिने मुंबईत नोकरी केली. आणंदची मुलगी आपल्या जिल्ह्यात परत गेली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच होती. नव्या नर्सेसना डोसचा हिशोब तीच शिकवायची, असं आत्या सांगायची आणि हसायची.

आत्या पुण्याला गेली नाही. तिला बडोदाच पाहिजे होतं. सहा दिवस वॉर्ड, एक दिवस वाडा. पुण्याच्या मंडळींना ती मराठी न वाटता गुजराती वाटायची, इथल्या लोकांना महाराष्ट्रीयन. वॉर्डात मात्र ती सगळ्यांची "बेन" होती. १९६६ मध्ये महाराष्ट्राचा आणि १९६८ मध्ये गुजरातचा स्वतःचा नर्सिंगचा कायदा आला. मग तिचं नाव गुजरातच्या रजिस्टरमध्ये गेलं आणि नवा नंबर मिळाला. पण तिला कधीही विचारलं तर ती जुनाच नंबर सांगायची. "तो मी मिळवला होता. हा सरकारने बदलून दिला."

आप्पांना शेवटी वर्षभर अंथरुणात काढावं लागलं. आत्याने त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. दर काही तासांनी कूस बदलायची, स्पिरिट, पावडर. रजेवर असली की रात्री उठूनही. एकदा आप्पा दादांना म्हणाले, "हे तिला कुणी शिकवलं?" आत्या बाजूलाच होती. तिने आणंदच्या मुलीचं नाव घेतलं. आप्पा गप्प राहिले.

१९८७ च्या सुमाराची गोष्ट. माझी मुलं मोठी झाली होती. एका दुपारी मी आत्याकडे बसले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "आत्या, त्या माठाचं आजीला मी सांगितलं होतं. तिचा पेपर माझ्यामुळे गेला."

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "माहीत आहे की."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. घरात आणखी होतं कोण बघणारं?"

मी विचारलं, मग मला बागेत का नेत होतीस? दहा वर्षांची चुगलखोर पोर, तिच्याशिवाय प्रश्न विचारायला कुणी मिळालं नसतं का? ती म्हणाली, "तुला घरी ठेवलं असतं तर तू तीच शिकली असतीस जे घरात होतं. म्हटलं, हिलाही बरोबर घेऊ. पाच जणी."

बस. एवढंच. मग तिने सोललेल्या शेंगांची ताटली माझ्यापुढे सरकवली. तिचा पेपर माझ्यामुळे गेला नाही, असं ती म्हणाली नाही. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. आणि मला वाटतं, पेशंटलाही ती असंच खरं सांगत असेल.

आत्या २००९ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत, सासरहून आली त्याच ट्रंकेत, ते नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं. घड्या पडून विटलेलं. त्यावर तिचं नाव सासरच्या आडनावासकट आहे. ज्या घराने तिला ठेवलं नाही त्याचं आडनाव तिने बावन्न वर्षं लावलं, कारण दाखला त्या नावाने होता आणि रजिस्टरमध्ये तेच चढलं. खाली ती वही होती. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर.

ती वही मी नातीच्या मैत्रिणींना फोनवर दाखवली. ग्रेन म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं.  १९४७ च्या कायद्याच्या जागी आणायचा म्हणून २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला. पण आणंदच्या मुलीने वहीतला एक प्रश्न वाचला, तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि बरोबर उत्तर दिलं. मी वहीवर टिचकी मारणार होते, ती राहून गेली.

नातीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आत्याच्या चौघींसारखंच यांनीही ठरवलंय, जी आधी पास होईल तिने फोन ठेवायचा नाही. शेवटची पास होईपर्यंत साडेनऊला यायचंच. हे त्यांना मी सांगितलेलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवलं.

आपल्यापैकी कुणाच्या घरात अशी नर्स झालेली आत्या, मावशी, काकू असेल, इंदूरला, ग्वाल्हेरला, बेळगावला, हैदराबादला, कुठेही, तर तिच्याबद्दल लिहा. तिने कुठल्या वर्षी परीक्षा दिली, कुणाबरोबर अभ्यास केला, घरी कुठल्या दाराने यायची. तिचा नंबर माहीत असेल तर तोही विचारून ठेवा. आणि तिच्या अभ्यासाला येणाऱ्या मैत्रिणींना तुमच्या घरात पाणी कुठल्या भांड्यातून मिळायचं, हे आठवत असेल तर तेही लिहा. मी लिहिलं आहे.